मर्ग कायम, पण गुन्हा?

इंदूरच्या वर्तमानपत्रांत ही ओळ जवळजवळ रोज दिसते : 'पोलिसांनी मर्ग कायम करून तपास सुरू केला.' पुण्याहून आलेला पाहुणा ती वाचून खुनाचा गुन्हा नोंदला गेला असं धरून चालतो. तसं नसतं.

'मर्ग' हा फारसी शब्द, अर्थ मृत्यू; 'कायम करणं' म्हणजे इथे नोंदवणं. महाराष्ट्रात ज्याला अकस्मात मृत्यू किंवा नुसतं 'एडी' म्हणतात, तेच हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १७४, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १९४. या चौकशीत माणूस कशाने मेला, अंगावर जखमा कोणत्या, एवढंच पाहायचं असतं. मारलं कोणी, हा प्रश्न तिच्या कक्षेतच येत नाही. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मर्ग आधी शून्यावर, म्हणजे ठाण्याचा क्रमांक न देता, नोंदला जातो, मग कागद ठाण्यात पोहोचतो. व्हिसेऱ्याचा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा, अहवाल यायला तर महिने लागतात. तोवर खोली धुतलेली असते, कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलेलं असतं आणि दहनही उरकलेलं असतं.

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर लगेच नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं. पण 'दिसतो' की नाही, हे ठरवणार ठाणंच! शवविच्छेदनाआधी खून कसा लिहायचा, हा पोलिसांचा सवाल अगदीच खोटा नाही. पण गळ्यावर वळ असतानाही मर्गच लिहिला जातो, तेव्हा तो सवाल लंगडा पडतो. विवाहितेचा लग्नानंतर सात वर्षांच्या आतला मृत्यू संशयास्पद असेल, तर १९८३ च्या दुरुस्तीने दंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची करून पोलिसांचे हात बांधले. बाकीच्या बहुतेकांसाठी तसं काही नाही. २०१५ मध्ये व्यापमशी, म्हणजे मध्य प्रदेशातल्या भरती-प्रवेश परीक्षांच्या घोटाळ्याशी, जोडलेल्या मृत्यूंचा तपास सीबीआयकडे गेला, तेव्हाही सुरुवातीचे हेच कागद पुन्हा चाळावे लागले.

जुन्या इंदूरकरांना बावला प्रकरण, म्हणजे मुंबईचे व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून, ठाऊक आहेच. १९२५ मध्ये काही मारेकरी मुंबईत मलबार हिलवर जागीच सापडले, शिक्षाही झाल्या. हुकूम कोणाचा, हे मात्र कोर्टात सिद्ध झालं नाही. संशय इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्यावर होता; चौकशी टाळून त्यांनी १९२६ मध्ये गादीच सोडली.

फाइल बंद करायच्याही दोन वाटा आहेत. गुन्हा नोंदलेला असेल आणि आरोपी सापडला नाही, तर 'खात्मा', म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल, लागतो. तो कोर्टात जातो, फिर्यादीला नोटीस मिळते, त्याला हरकत घेता येते. मर्ग मात्र नुसता 'नस्तीबद्ध' होतो, म्हणजे फाइलला लावून बंद होतो, आणि अहवाल कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जातो. त्यात फिर्यादीच नसतो, मग नोटीस कोणाला पाठवणार?