चुना हाडातच का बसतो?

खानदेशात पाण्याला दोष देण्याची जुनी सवय आहे. मुतखडा झाला तर बोअरचं पाणी जड. वय झालं, गुडघे कुरकुरू लागले, की ‘हाडेसमा चुनाच ऱ्हायना नही’ (हाडांत चुनाच राहिला नाही). एकाला चुना जास्त झाला, दुसऱ्याला कमी पडला, आणि बऱ्याचदा दोघं एकाच घरातले. शास्त्रज्ञही याच पेचात बरीच वर्षं अडकले होते.

हाडातला ‘चुना’ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, हे 1770 च्या सुमारास स्वीडनच्या गान आणि शेले यांनी दाखवलं. तोवर फॉस्फरस मूत्र आटवून काढत. पुढे तो जाळलेल्या हाडांतून मिळू लागला. 1842 मध्ये इंग्लंडच्या लॉज यांनी सुपर फॉस्फेट या खताचं पेटंट घेतलं, तेही हाडांवर गंधकाम्ल ओतूनच. रावेर-यावलच्या केळीत आज पडणारं सुपर फॉस्फेट खडकापासून बनतं, पण सुरुवात हाडाची.

हाडात दोन गोष्टी आहेत, हे घरीही कळतं. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा: खनिज विरघळतं, उरलेलं हाड बोटांनी वाकवता येतं. ते उरलेलं म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. उलट जळालेलं हाड पांढरंफटक आणि ठिसूळ होतं. अस्थी सावडायला गेलेल्यांनी ते पाहिलेलं असतं. तिथे कोलॅजन गेलं, खनिज राहिलं. हे खनिज अ‍ॅपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांच्या जातीचं आहे, हे 1926 मध्ये क्ष-किरणांनी सिद्ध झालं.

पण ते हाडातच का जमतं? लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रॉबर्ट रॉबिसन यांनी 1923 मध्ये उत्तर सुचवलं. मुडदूस झालेल्या प्राण्यांची हाडं त्यांनी फॉस्फेट बांधलेल्या साखरेच्या द्रावणात ठेवली, तर हाडातल्या एका विकराने (एन्झाइमने) ते फॉस्फेट मोकळं केलं आणि कॅल्शियमसोबत त्याचा साका बसला. रक्ताच्या रिपोर्टात ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ म्हणून दिसतं ते हेच विकर. मात्र ते मूत्रपिंडात आणि आतड्यातही भरपूर असतं, मग तिथे हाड का होत नाही? शिवाय रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं, की स्फटिकाला एकदा सुरुवात मिळाली तर तो वाढतच राहावा. म्हणजे खरा प्रश्न उलटा होता: बाकीचं शरीर मऊ राहतं कसं?

इथे मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो 1961 चा शोध. फ्लाइश आणि न्यूमन या शास्त्रज्ञांना आढळलं, की रक्तद्रवात या स्फटिकांना अडवणारं काहीतरी आहे. ते निघालं पायरोफॉस्फेट, म्हणजे दोन फॉस्फेट जोडून झालेलं छोटं संयुग. त्याच कुळातली रसायनं कारखान्यांत पाइपात क्षार बसू नयेत म्हणून आधीपासून वापरात होती. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसून पाणी अडतं, हे जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तो आम्ल सोडून नळ्या साफ करतो. शरीराची पद्धत निराळी, ते मुळात बसूच देत नाही. रॉबिसन यांच्या विकराचं मोठं कामही मग उलगडलं: हाडात ते पायरोफॉस्फेट फोडून हा अडसर काढतं. पायरोफॉस्फेटच्या धर्तीवर बनलेली बिसफॉस्फोनेट औषधं आज हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात. गंमत अशी, की तिथे ती स्फटिक अडवण्यापेक्षा हाड खाणाऱ्या पेशींना आवरतात.

1997 मध्ये आणखी एक अडसर सापडला. एमजीपी नावाचं प्रथिन नसलेल्या उंदरांच्या धमन्या चुन्याने भरल्या आणि ते दोन महिन्यांत मेले. धमनीची भिंत कडक होणं म्हणजे म्हातारपणी साचलेला गाळ, हा समज तिथे डळमळला. भिंतीतल्या पेशी स्वतःच हाडाच्या पेशींसारखं वागू लागतात, हेही पुढे दिसलं. हृदयाच्या सीटी स्कॅनमधला ‘कॅल्शियम स्कोअर’ याच साठ्याचं मोजमाप आहे.

राहिला मुतखडा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे; ऑक्झलेट हा पालकासारख्या भाज्यांतूनही पोटात जाणारा पदार्थ. मूत्रपिंडात आधी कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक थर बसतो आणि त्यावर खडा वाढू शकतो, हे अमेरिकेतल्या रँडल यांनी 1937 मध्येच मांडलं होतं. मुतखडा झाला की दूध बंद, हा आपल्याकडचा ठराविक सल्ला. 1993 मध्ये अमेरिकेतल्या हजारो पुरुषांच्या पाहणीत मात्र आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचं दिसलं. कारण असं सांगतात, की जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते लघवीपर्यंत कमी पोहोचतं.