मेंदूच्या गंभीर दुखापतीनंतरची नुकसानभरपाई (रस्ते अपघात, भारत)

रस्ते अपघातात डोक्याला जबर मार लागून मेंदूचे कायमचे नुकसान झाले, तर मोटार वाहन कायदा, १९८८ खाली जखमी व्यक्तीला मागता येणारी रक्कम म्हणजे ही नुकसानभरपाई. रक्कम ठरवते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे ‘एमएसीटी’ म्हणतात आणि दाव्याला नुसते ‘क्लेम’. रक्कम बहुधा वाहनाच्या विमा कंपनीकडून वसूल होते. अपघात एसटीच्या गाडीने झाला असेल तर महामंडळ स्वतःच्या निधीतून पैसे देते.

ही भरपाई एकरकमी असते आणि एकदाच मिळते. पाच वर्षांनी फिट वाढल्या किंवा सांभाळणारी आई वारली, म्हणून नव्याने अर्ज करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या नागप्पा निकालात हे स्पष्ट केले आहे. म्हणून जखमीच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याचा खर्च पहिल्याच दाव्यात मांडावा लागतो. अर्जात लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त रक्कम न्यायाधिकरण देऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. ज्याचा पुरावाच समोर आला नाही, त्याचे पैसे मात्र मिळत नाहीत.

दुखापत आणि पहिले कागद

दुखापतीची तीव्रता ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे जखमी किती शुद्धीत आहे याच्या गुणांवर, मोजतात. एकूण गुण ३ ते १५. आठ किंवा त्याहून कमी असले तर दुखापत गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य. अपघात विभागात नोंदलेला हा आकडा, पहिला सीटी स्कॅन, शस्त्रक्रियेची टिपणे, व्हेंटिलेटरवरचे आणि बेशुद्धीचे दिवस हा दाव्याचा पाया असतो. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. संपूर्ण केस पेपरची साक्षांकित प्रत रुग्णालयाकडून लेखी अर्ज करून घ्यावी आणि स्कॅनच्या फिल्मबरोबर सीडीही मागावी. फिल्म काही वर्षांत पुसट होतात.

सर्वांत जास्त दावे अडतात ते एका ओळीवर. जखमीला आणणारा नातेवाईक किंवा रस्त्यावरचा माणूस अपघात विभागात घाईघाईत सांगतो, ‘बाईकवरून पडला.’ डॉक्टर एमएलसी नोंदीत (पोलीस प्रकरणासाठीच्या वैद्यकीय नोंदीत) तेच लिहितात: दुचाकीवरून पडल्याने डोक्याला मार. पंधरा दिवसांनी फिर्यादीत ट्रकचा नंबर येतो आणि विमा कंपनी म्हणते, ट्रक नंतर घुसवला. ती ओळ पुढची पाच-सहा वर्षे पिच्छा सोडत नाही. धडक कोणी पाहिली हे माहीत नसेल तर डॉक्टरांना तेवढेच सांगावे, अंदाज सांगू नये. चुकीची नोंद झाली असेल तर पोलिसांच्या पुरवणी जबाबात लगेच खुलासा द्यावा आणि ज्याने माहिती दिली त्याला पुढे साक्षीदार करावे. घटनास्थळ पंचनामा, दोन्ही वाहनांच्या नुकसानीचा आरटीओ तपासणी अहवाल आणि जवळच्या पेट्रोल पंपाचे किंवा टोलनाक्याचे सीसीटीव्ही चित्रण यांनी ही भेग बुजते. चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते, त्यामुळे ते पहिल्या आठवड्यातच मागावे.

मुदत आणि अर्ज

दावा अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे दाखल करता येतो. सोलापूरच्या माणसाला नागपूरजवळ अपघात झाला तरी तो सोलापुरात दावा लावू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून, अपघातानंतर सहा महिन्यांत दावा करण्याची मुदत लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर दिवस घालवू नयेत. त्याच तारखेपासून पोलिसांवर ४८ तासांत पहिला, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल देण्याचे बंधन आहे. प्रत मागायला संकोच नको.

अडचण अशी की मेंदू सहा महिन्यांत स्थिरावत नाही. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक दिसते, पुढे वर्ष-दोन वर्षे हळूहळू चालू राहते. म्हणून अर्ज मुदतीत करावा आणि कायमच्या अपंगत्वाची तपासणी प्रकृती स्थिरावल्यावर करावी. घाईत लोकअदालतीत तडजोड केली तर त्या निवाड्यावर अपील नसते. त्याहून मोठा धोका कलम १६४ चा. या कलमाखाली दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. कंपनीचा माणूस लवकर येऊन ही रक्कम देऊ करतो, पण ती स्वीकारली की कलम १६६ खालचा, दोष सिद्ध करून मागायचा मोठा दावा संपतो. मेंदूच्या कायमच्या दुखापतीत अडीच लाख म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचा एक-दीड वर्षाचा पगार.

जखमी स्वतः सही करण्याच्या स्थितीत नसेल तर जवळचा नातेवाईक ‘वादमित्र’ म्हणून दावा चालवतो. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते. बँकेचे खाते किंवा घर यांचे व्यवहार करायचे असतील तर वादमित्र असणे पुरत नाही. कोमातील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा स्वतंत्र कायदा नसल्याने मुंबई उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पती किंवा पत्नीला पालक नेमत आले आहे.

टक्केवारीचा घोळ

अपंगत्वाचे प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देते आणि त्यावर एक टक्केवारी असते. कमाईचे नुकसान त्याच टक्क्यांनी मोजायचे नसते. राजकुमार निकालात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यक्ती पूर्वी काय काम करत होती, आता काय करू शकते आणि त्यामुळे कमाई किती बुडते, हे पाहून ‘कार्यात्मक अपंगत्व’ ठरवावे. प्रमाणपत्रावर ४० टक्के असलेल्या ट्रकचालकाला वर्षातून दोनदा फिट येत असेल, तर त्याचे चालकाचे काम पूर्ण गेलेले असते.

मेंदूच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण जखमी माणूस कोर्टात चालत येतो, नाव-गाव नीट सांगतो. उलटतपासणीत वकील विचारतात, ‘तुम्ही स्वतः चालत आलात ना?’ आणि तो ‘हो’ म्हणतो. कपाळामागच्या भागाला मार लागलेल्या माणसाला गॅस बंद करायचा लक्षात राहत नाही, तो क्षुल्लक गोष्टीवर ताट भिरकावतो, दिलेले पैसे कोणालाही देऊन टाकतो, किंवा सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाही. सीटी स्कॅनमध्ये यातले काही दिसत नाही. त्यासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून स्मृती, एकाग्रता, नियोजन आणि बुद्ध्यंक यांची चाचणी करून घ्यावी लागते, आणि ती जखमीच्या मातृभाषेत. घरच्या माणसाने तारीखवार वही ठेवावी: फिट कधी आली, रात्री किती वेळा उठला, कोणती कामे करून द्यावी लागली. जुना मालक, सहकारी, मुलांचे शिक्षक यांची ‘आधी कसा होता’ ही साक्ष अनेकदा प्रमाणपत्रापेक्षा जास्त पटते.

नुसते प्रमाणपत्र दाखल करून चालत नाही, डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते. मेंदूशल्यविशारद कोर्टात यायला कचरतात. त्यांची साक्ष रुग्णालयात जाऊन कोर्टाने नेमलेल्या कमिशनरमार्फत नोंदवण्याची विनंती करता येते.

हिशेब

उपचार, औषधे, प्रवास, सकस आहार, उपचारकाळात बुडालेली कमाई, पुढची बुडणारी कमाई, पुढचे उपचार, वेदना, आयुष्यातले आनंद व विवाहाची शक्यता गमावणे, आयुर्मान घटणे ही राजकुमार निकालातली शीर्षके. बिले मूळ स्वरूपात आणि तारखेने लावलेली हवीत. मेडिक्लेममधून परत मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला.

पुढच्या कमाईसाठी सरला वर्मा निकालातला (२००९) गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो वयानुसारचा आकडा, वापरतात. वय १५ ते २५ ला १८, त्यानंतर दर पाच वर्षांच्या गटाला एकेक कमी होत ४६ ते ५० ला १३, पुढे ११, ९, ७ आणि ६५ नंतर ५. प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) भविष्यातील वाढ मिळवतात: स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगाराच्या माणसाला ४० वर्षांखाली ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५, ५० ते ६० मध्ये १०. कायम नोकरीत हेच आकडे ५०, ३० आणि १५. समजा ३२ वर्षांचा गवंडी महिना २०,००० कमावत होता. वाढ धरून २८,०००, वर्षाचे ३,३६,०००, गुणक १६, एकूण ५३,७६,०००. कार्यात्मक अपंगत्व १०० टक्के ठरले तर ही पूर्ण रक्कम, ४० टक्के ठरले तर २१,५०,४००. मृत्यूच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट होते, जखमीच्या दाव्यात ती करत नाहीत. उत्पन्नाचा कागद नसेल तर किमान वेतनाचा आधार घेतात. गृहिणीलाही काल्पनिक उत्पन्न धरले जाते.

सांभाळणाऱ्याचा खर्च हा सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग. पत्नी किंवा आई फुकट करते म्हणून तो मागितलाच जात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला मार लागलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या दाव्यात दोन मदतनिसांचे प्रत्येकी दरमहा ५,००० प्रमाणे १८ च्या गुणकाने २१,६०,००० मंजूर केले. एकूण भरपाई ६२,२७,००० झाली. न्यायाधिकरणाने मूळ सुमारे ११ लाखच दिले होते. आज शहरात मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोच्या माणसाचा दर किती पडतो याचे पत्रक, पावत्या आणि शक्य तर ब्यूरोचालकाची साक्ष लावावी. डायपर, नळीतून द्यायचे अन्न, एअर बेड, सक्शन मशीन, फिटच्या गोळ्या, कवटीचे हाड परत बसवण्याची शस्त्रक्रिया यांचा खर्च डॉक्टरांकडून लेखी घ्यावा. दाखल्यात ‘पुढील उपचार लागू शकतात’ असे मोघम लिहिले असेल तर हाती फारसे लागत नाही.

जिथे हा मार्ग चालत नाही

दुचाकी खड्ड्यात घसरली, दुसरे वाहन नाही आणि चालवणारा मालक स्वतःच, तर तो त्रयस्थ पक्ष (ज्याचे नुकसान भरून द्यायला वाहनाचा विमा बांधील असतो असा बाहेरचा माणूस) ठरत नाही. त्याला पॉलिसीतील मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांपर्यंत, हा पर्याय उरतो. त्यासाठी वैध परवाना लागतो. धडक देऊन वाहन पळाले तर गंभीर दुखापतीला ५०,००० रुपयांची सरकारी मदत आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेसारख्या योजनांत अपंगत्वाची व्याख्या हात, पाय आणि डोळे यांवर बेतलेली आहे. स्मृती गेलेला पण हातपाय चालणारा माणूस तिच्यात बसत नाही. ही व्याख्या बदलायला हवी.

मिळाल्यावर

निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील होते. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते. रकमेचा मोठा भाग न्यायाधिकरण राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावते आणि मासिक व्याज खात्यात येते. ठेव मोडायला परवानगी लागते: डॉक्टरांचे अंदाजपत्रक जोडून अर्ज केला तर ती मिळते, नुसते ‘घरखर्चासाठी’ लिहिले तर बहुधा नाही. ठेवीची पावती जखमीच्या नावावर आणि वादमित्राच्या देखरेखीखाली आहे का, वारस नोंद झाली आहे का, हे पहिल्याच दिवशी शाखेत तपासावे.