फ्रीलान्स कामाची कॉपीराइट नोंदणी : अर्ज कोणी करायचा, कागदपत्रं कोणती लागतात

पटकथा लिहून दिली, ॲडव्हान्स जीपेवर आला, बाकीचं 'बसून ठरवू' यावर राहिलं. पुढे त्या पटकथेची नोंदणी करायला गेलं की अर्जातला एक रकाना अडवतो : हक्कांचे मालक कोण, कोणाकडे कोणते हक्क, हस्तांतर किंवा परवाना दिला असल्यास तपशील. तिथे 'बसून ठरवू' लिहिता येत नाही. म्हणून अर्जाआधी मालकीचं बघा.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे ज्याने लिहिलं तो पहिला मालक. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सहसा कंपनीचं होतं, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. त्यामुळे वेगळा करार नसेल तर लेख, अनुवाद, पटकथा, सॉफ्टवेअरचा कोड लिहिणाऱ्याचाच राहतो, पैसे पूर्ण मिळाले असले तरी. फोटोग्राफरचं मात्र उलटं आहे. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोची पहिली मालकी, करारात वेगळं नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जाते. लग्नाचे फोटो त्यात आले.

तोंडी व्यवहारावर मानधन मागता येतं, मालकी मात्र तोंडी जात नाही. कलम १९ ला लेखी हस्तांतर आणि देणाऱ्याची सही लागते. कागदावर एवढं आलं तरी पुरे : 'अमुक नावाच्या पटकथेचे वेबसीरिज करण्याचे हक्क, ७ वर्षांसाठी, भारतापुरते, रु. अमुक मोबदल्यात देत आहे.' यातली मुदत गाळली तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश गाळला तर भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं नसल्यास, हस्तांतर आपोआप संपतं. निर्मात्याने 'सर्व हक्क, कायमचे' असा छापील कागद पुढे केला तर सहीआधी त्यात मुदत, प्रदेश आणि हक्क न वापरल्यास काय, या तीन अटी शोधा.

अर्ज लेखक, मालक किंवा ज्याच्या नावे हस्तांतर झालं आहे तो करू शकतो. वकील नेमणं सक्तीचं नाही. कॉपीराइट नियम, २०१३ मधला नमुना १४ कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरता येतो. हे कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, पण तिथे जाण्याची गरज नाही. प्रत्येक कृतीला स्वतंत्र अर्ज. साहित्य, नाटक, संगीत आणि कलाकृतीला शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००.

सोबत कृतीच्या प्रती जोडायच्या. सॉफ्टवेअर असेल तर सोर्स कोडची पहिली व शेवटची १० पानं, काहीही न झाकता. अर्जदार लेखक नसेल तर लेखकाचं ना-हरकत पत्र किंवा हस्तांतराचा करार लागतो. प्रकाशित कृतीचा प्रकाशक वेगळा असेल तर त्याचंही ना-हरकत पत्र. जुन्या क्लायंटशी बोलणं बंद झालेलं असतं तेव्हा नेमका हाच कागद मिळायचा राहतो, म्हणून काम सोपवतानाच घेऊन ठेवावा. वकिलामार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र.

लोगो किंवा वेष्टनाचं डिझाइन मालावर वापरायचं असेल तर शुल्क २,००० रुपये. शिवाय तसंच चिन्ह दुसऱ्या कुणाच्या नावे नाही, असं ट्रेडमार्क निबंधकाचं प्रमाणपत्र आधी आणावं लागतं. त्याचा अर्ज आणि शुल्क वेगळं. दुकानाचं नुसतं नाव कॉपीराइटखाली येत नाही, ते ट्रेडमार्कचं काम. एका ओळीची कल्पनाही नोंदवता येत नाही, लिहून काढलेली कृतीच लागते.

अर्ज गेला की डायरी क्रमांक मिळतो आणि आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं. हक्कावर दावा सांगणाऱ्यांना अर्जदाराने स्वतः सूचना पाठवायची असते. आक्षेप आला तर दोन्ही बाजू ऐकल्या जातात, नाहीतर तपासनीस अर्ज बघतो. त्रुटीचं पत्र आलं तर उत्तर मुदतीत द्या.

मुंबईत बरेच लेखक पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवतात. तारखेच्या पुराव्याला ते उपयोगी, पण ती सरकारी नोंदणी नव्हे. तसं तर कॉपीराइट मिळायलाही नोंदणी लागत नाही, तो कृतीबरोबरच जन्मतो. नोंदणीचा फायदा असा की कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतला मजकूर न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा (उलट सिद्ध होईपर्यंत खरा) धरला जातो. पुढे हक्क विकले तर नमुना १५ भरून नोंद बदलून घ्यावी. श्रेयनामावलीत लेखक म्हणून नाव येण्याचा हक्क मात्र विक्रीनंतरही कलम ५७ खाली तुमच्याकडेच राहतो.