भेगांच्या शोधात: खोल भूऔष्णिक ऊर्जेची वाटचाल

इटलीतल्या लार्देरेल्लो इथे १९०४ मध्ये जमिनीतून येणाऱ्या वाफेवर, म्हणजेच पृथ्वीच्या पोटातल्या (भूऔष्णिक) उष्णतेवर, पाच दिवे लागले. तिथे उष्णता, पाणी आणि पाणी खेळायला भेगा हे तिन्ही निसर्गानेच दिलं होतं. असा योग फार थोड्या ठिकाणी जुळतो. उष्णता मात्र सगळीकडे आहे. खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढतं. अडतं ते पाणी खेळवणाऱ्या भेगा नसल्यामुळे.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने न्यू मेक्सिकोतल्या फेंटन हिलला हाच प्रश्न हाती घेतला. एका विहिरीतून जबर दाबाने पाणी सोडायचं, कोरडा तप्त खडक उकलायचा आणि तापलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून वर घ्यायचं. पुढच्या, अधिक खोल टप्प्यात खडक उकलला, पण भलतीकडेच. दोन विहिरींची गाठ पडेना. शेवटी विहीर पुन्हा खोदून त्या भेगांपर्यंत वळवावी लागली. खडक आपल्या आखणीप्रमाणे नव्हे, त्याच्यातल्या मूळच्या ताणांप्रमाणे उकलतो, हा तिथला धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. फ्रान्समधल्या सुल्त्झच्या प्रकल्पात पुढे मूळच्याच भेगा मोकळ्या करण्यावर भर दिला गेला.

ताणाला हात लावला की धोकाही येतो. स्वित्झर्लंडमधलं बाझल १३५६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं शहर. तिथे डिसेंबर २००६ मध्ये पाच किलोमीटर खोल पाणी सोडल्यावर ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. भूऔष्णिक प्रकल्पाच्या विहिरींमुळेच तो घडला, असं सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने सांगितलं. साठवलेलं पाणी आणि भूकंप यांचं नातं आपल्याला १९६७ च्या कोयनेपासून ठाऊक आहे; अशा विहिरींची जागा ठरवताना हा अनुभव डोळ्यांसमोर हवाच.

आता आशा वाटते ती अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या कामामुळे. फर्वो या भूऔष्णिक ऊर्जा कंपनीने २०२३ मध्ये तिथे तेलविहिरींचं तंत्र वापरलं: सरळ खाली जाऊन मग सुमारे एक किलोमीटर आडवं खोदायचं आणि त्या लांबीभर टप्प्याटप्प्याने खडक उकलायचा. तीस दिवसांच्या चाचणीत सेकंदाला ६३ लिटर पाणी त्या भेगांमधून फिरलं. साडेतीन मेगावॉट विजेला ते पुरेसं होतं.