झ्युडगेलेंड नेचर पार्क, बर्लिन

बर्लिनच्या श्योनेबर्ग भागातलं झ्युडगेलेंड हे साधारण 18 हेक्टरचं पार्क, बंद पडलेल्या रेल्वे यार्डात तयार झालेलं. रेल्वेच्या जागेवर झालेली पार्कं आता बऱ्याच शहरांत आहेत, पण इथली बहुतेक झाडं कोणी लावलेली नाहीत, ती आपली आपण आलीत, आणि मला वाटतं हे पार्क बघायला जायचं ते यासाठीच.

पूर्वी इथे टेम्पलहोफचं मोठं शंटिंग यार्ड होतं, मालगाड्यांचे डबे सोडवायचे, वेगळ्या गाड्यांना जोडायचे हे काम चालायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराचे भाग पडले आणि भलताच पेच झाला, जमीन पश्चिम बर्लिनमध्ये पण रेल्वे पूर्व जर्मनीच्या ताब्यात! 1952 मध्ये यार्डाचं काम बंद झालं, मग ना कोणी ती जागा वापरली ना कोणी साफ केली, आणि रुळांमधल्या खडीत वाऱ्याने उडून आलेलं बी रुजत गेलं. आधी गवत आणि रानफुलं, मग बर्च, मग रॉबिनिया (मूळ उत्तर अमेरिकेतलं काटेरी झाड, पानं थोडी शेवग्यासारखी). 1980 च्या दशकात इथे पुन्हा मालगाड्यांचं स्टेशन करायचं घाटत होतं, म्हणजे सगळं जंगल साफ होणार होतं, तेव्हा आसपासचे लोक विरोधात उभे राहिले आणि ते काम शेवटी झालंच नाही. जर्मनी एक झाल्यावर शहरात रेल्वेची नवीन बांधकामं सुरू झाली, त्यात निसर्गाचं जे नुकसान होणार होतं त्याची भरपाई म्हणून ही जागा राखली गेली. 1999 मध्ये संरक्षण मिळालं, 2000 मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

फिरायच्या वाटा बऱ्याचशा जुन्या रुळांवरूनच जातात. चालता चालता दोन रुळांच्या मधोमध जाड बुंध्याचा बर्च उभा दिसतो, बाजूला गंजलेला सांधा बदलायचा खटका, आणि रूळ तसाच पुढे झुडपात शिरलेला. जिथे संरक्षण जास्त कडक आहे तिथे जमिनीपासून जरा वर लोखंडी जाळीचा पूल आहे, त्यावरूनच चालायचं, खाली उतरायचं नाही, त्यामुळे खालचं गवत आणि किडेमुंग्या सुखरूप राहतात. इंजिन फिरवायचं टर्नटेबल, पाण्याची उंच टाकी, जुनं काळं वाफेचं इंजिन हे सगळं बघायला मिळतं. एका वाटेवरच्या भिंतींवर स्प्रे पेंटने चित्रं काढायला रीतसर परवानगी आहे, तिथे रंगाचा वास येतच असतो.

पण सगळं निसर्गावर सोडलं की झालं असं नाही हं. तसंच सोडलं तर काही वर्षांत सगळीकडे दाट झाडी होईल आणि उन्हातली मोकळी गवताळ जागा संपेल, रानातल्या मधमाश्या, नाकतोडे, कोरड्या खडीत येणारी फुलं हे सगळं त्या उन्हावरच जगतं. म्हणून काही भाग मुद्दाम मोकळे ठेवतात, तिथे मेंढ्या चारतात, वाढलेली झुडपं छाटतात, आणि बाकीच्या भागात झाडं वाढू देतात. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे इतकं नीट ठरवलेलं पार्क खरंच कमी बघायला मिळतं.

जायचं असेल तर लोकल ट्रेनने प्रीस्टरवेग स्टेशनला उतरायचं, पार्कचं गेट स्टेशनला लागूनच आहे. आत सायकल चालवता येत नाही.