इंटरनेट कॉल, मोबाइल डेटावरील

सिमकार्डावरच्या डेटाने इंटरनेटमार्गे केलेला आवाजी कॉल. तांत्रिक लेखनात याला ‘मोबाइल व्हीओआयपी’ (व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल) म्हणतात. बोलताना लोक ‘नेटवरून कॉल’ म्हणतात, किंवा ॲप कुठलेही असो, सरसकट ‘व्हॉट्सॲप कॉल’. त्याच्या जोडीला ‘साधा कॉल’ हा शब्दही मराठीत रुळला आहे. नंबर फिरवून कंपनीमार्फत लावायचा तो साधा. ‘अगं, आवाज तुटतोय, साधा लाव’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि त्यात या विषयाचे मर्म आहे. दोन्ही कॉल एकाच फोनवरून, एकाच टॉवरमार्गे जातात, पण टॉवर त्यांना सारखे वागवत नाही.

राखीव जागा आणि गर्दी : टूजीच्या जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्झची एक वाहक लहर आळीपाळीने आठ जणांत वाटली जाते. कॉल लागला की आठांतला एक वाटा बोलणाऱ्याच्या नावे होतो आणि तो गप्प बसला तरी दुसऱ्याला मिळत नाही. एसटीचे आरक्षण असते तसेच हे : प्रवासी खिडकीशी बसो की दारात उभा राहो, जागा त्याचीच. वेळ अडवली म्हणून वेळेचे पैसे, हा मिनिटावर दर लावण्यामागचा हिशेब होता.

नेटवरच्या कॉलला अशी जागा नसते. आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात बंद होतो आणि ते पाकीट इतरांच्या पाकिटांबरोबर गर्दीत शिरते. त्याच गर्दीत शेजारच्याचा क्रिकेटचा सामना असतो, कोणाचे ॲप अपडेट होत असते, कोणी लग्नाचे चारशे फोटो पाठवत असतो. टॉवरच्या लेखी ही सगळी एकाच दर्जाची पाकिटे. अशा कॉलचा स्वस्तपणा इथूनच येतो आणि त्याची खरखरही इथूनच.

आवाजाचा प्रवास : मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात, म्हणजे सेकंदाला पन्नास. हे तुकडे दाबून लहान करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २०१२ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झालेला ‘ओपस’ हा त्यांतला फार वापरातला, खुला कोडेक आहे. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठल्याही वेगावर तो काम करतो आणि जोडणी खालावली की बोलण्याच्या मधेच वेग उतरवतो.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला २४ किलोबिट धरले तर एका तुकड्यात ६० बाइट आवाज मावतो. त्यावर पत्ते लिहावे लागतात, पाकिटे पोहोचवण्याच्या तीन नियमावल्यांचे : आयपीचे २० बाइट, यूडीपीचे ८, आरटीपीचे १२. म्हणजे १०० बाइटच्या पाकिटात ४० बाइट नुसता पत्ता. अशी पन्नास पाकिटे जाणारी आणि पन्नास येणारी, मिळून सेकंदाला १०,००० बाइट, मिनिटाला ६०० किलोबाइट, तासाला ३६ एमबी. कूटबद्धतेचे, म्हणजे बोलणे कुलूपबंद करण्याचे, बाइट वेगळे, पण ते थोडे. रोज दीड जीबी मिळवून देणाऱ्या रिचार्जवर दिवसभर बोलूनही डेटा उरतो तो यामुळे. डेटा खातो तो व्हिडिओ.

हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जात नाही. वेबपान उघडताना एखादा तुकडा गहाळ झाला तर तो परत मागवतात, कारण पान अर्धा सेकंद उशिरा दिसले तरी चालते. ‘येतो’ मधला ‘तो’ मात्र अर्ध्या सेकंदाने आला तर त्याचे काय करायचे? तेव्हा ॲप त्या जागी मागचाच ध्वनी ताणून बसवते. एखाददुसरे पाकीट असे झाकले जाते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. सलग पाच-दहा गेली की आवाज यंत्रातून आल्यासारखा घोगरा, लांबट होतो आणि आई विचारते, ‘बरं नाही का रे तुला?’

पाकिटे पोहोचतात तीही सारख्या अंतराने नव्हे. कधी दोन चिकटून येतात, कधी मध्ये खंड पडतो. या चढउताराला जिटर म्हणतात. तो लपवण्यासाठी ॲप आलेली पाकिटे क्षणभर साठवून ठेवते आणि मग ठेक्यात सोडते. साठा मोठा ठेवला तर आवाज सलग येतो पण उशीर वाढतो, लहान ठेवला तर उशीर घटतो आणि आवाज तुटतो. हा तोल दर काही क्षणांनी नव्याने साधणे हे कॉलच्या ॲपचे सर्वांत नाजूक काम म्हणता येईल.

उशिराची मर्यादा माणसाच्या स्वभावाने ठरवली आहे. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. मुंबई ते न्यू जर्सी सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे साठेक मिलिसेकंद प्रकाशाच्याच प्रवासात गेली. शिवाय वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. त्यात टॉवरची गर्दी, जिटरचा साठा आणि फोनची स्वतःची प्रक्रिया मिळवली की मर्यादा ओलांडली जाते. मग दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात. ‘हं, बोल.’ ‘नाही नाही, तू बोल.’ परदेशी असलेल्या मुलांशी बोलणारे आईवडील एकेक वाक्य पुरे करून थांबायला शिकले आहेत. त्या थांबण्याला कोणी नाव दिलेले नाही, पण नव्या पिढीच्या संभाषणाचा तो एक ढंगच झाला आहे.

एका बाबतीत नेटचा कॉल जुन्या कॉलपेक्षा सरस आहे. जुन्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पुढे जाई. ‘स’चा सळसळता भाग बहुतांशी त्याच्या वर, ४००० हर्ट्झच्या पुढे असतो. म्हणून ओठ दातांना लावून ‘फ’ म्हणणाऱ्याचे ‘फोडा’ फोनवर ‘सोडा’ ऐकू येई आणि पत्ता सांगताना ‘स समईचा’ म्हणावे लागे. चांगल्या जोडणीवरचा ओपस २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतो. आजीचा श्वास, मागे चाललेली कुकरची शिट्टी, अंगणातला कावळा हे सगळे पलीकडे पोहोचते. घरापासून लांब राहणाऱ्याला त्याचे मोल फार वाटते.

घंटा कशी वाजते : साध्या कॉलसाठी टॉवर स्वतः फोनला हाक मारतो. ॲपला तशी सोय नाही. झोपलेल्या फोनला जागे करण्यासाठी ॲपचा सर्व्हर अँड्रॉइड किंवा आयफोनच्या सूचनायंत्रणेमार्फत निरोप धाडतो आणि मग ॲप उठून घंटा वाजवते. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ॲपला दाबून टाकले असेल तर हा निरोप अडतो. ‘तुझा फोन वाजलाच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

पुढची अडचण पत्त्याची. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे बसवतात. मोठ्या सोसायटीचे एकच फाटक असावे आणि आतल्या घरांचे नंबर बाहेर कोणाला ठाऊक नसावेत, तसे. दोन फोनांनी एकमेकांना थेट गाठण्यासाठी ॲप आधी एका सर्व्हरला विचारते, ‘बाहेरून मी कोणत्या पत्त्यावर दिसतो?’ हे काम ‘स्टन’ सर्व्हर करतो. तेवढ्याने भागले नाही तर मध्ये ‘टर्न’ नावाचा सर्व्हर बसून दोन्हीकडची पाकिटे इकडून तिकडे देतो. वाट लांबते, पण कॉल लागतो.

फिरताना हीच गाठ पुन्हा सुटते. घरातून बोलत बोलत बाहेर पडले की फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर येतो, पत्ता बदलतो आणि पडद्यावर ‘रीकनेक्टिंग’ दिसते. या दोन-तीन सेकंदांत ॲप नवी वाट शोधत असते. कर्जत-लोणावळा घाटात गाडी बोगद्यात शिरली की मात्र शोधायला वाटच उरत नाही.

पूर्वपीठिका : पाकिटांतून आवाज नेण्याचा प्रयोग मोबाइलच्या पुष्कळ आधीचा आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीशास्त्र संस्था आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात बोलणे झाले. त्यासाठीची नियमावली डॅनी कोहेन यांनी बांधली होती. १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेकने ‘इंटरनेट फोन’ बाजारात आणला. स्काइप ऑगस्ट २००३ मध्ये आले. त्याचे संस्थापक निकलस झेनस्ट्रोम स्वीडनचे, यानुस फ्रिस डेन्मार्कचे आणि प्रणाली लिहिणारे तरुण एस्टोनियाचे होते. पण हे सारे टेबलावरच्या संगणकापुरते. मोबाइलवर नोकियाच्या ई-मालिकेतील काही फोनांत इंटरनेट कॉलची सोय अंगभूत होती, तरी टूजीचा डेटा इतका संथ की वाय-फायशिवाय ती जवळपास निरुपयोगी ठरे.

थ्रीजीने वेग दिला तेव्हा कंपन्यांनी अडवले. मार्च २००९ मध्ये आयफोनवर आलेले स्काइप फक्त वाय-फायवर कॉल लावू शके. अमेरिकेत एटी अँड टीने थ्रीजीवर अशा कॉलांना परवानगी दिली ती ऑक्टोबर २००९ मध्ये. डिसेंबर २०१० मध्ये व्हायबर या ॲपने नवे खाते काढण्याऐवजी फोननंबरलाच ओळख मानले. या सोयीने वाट मोकळी केली. व्हॉट्सॲपने २०१५ मध्ये आवाजी कॉल दिला तेव्हा लोकांच्या फोनमधली नावांची यादी आधीपासून तयार होती. ज्या स्काइपने पहिली पिढी घडवली, ते ५ मे २०२५ रोजी बंद झाले.

भारतात : १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकाला किंवा परदेशातील फोनला कॉल करता येई, देशातल्या फोननंबरला मात्र नाही. ही भिंत २०१८ पर्यंत टिकली. त्या वर्षी परवान्यांचा खुलासा झाल्यावर बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही ॲपवरून कुठल्याही नंबरला कॉल लावण्याची सेवा आणली.

त्याआधीचा खरा झगडा डेटाच्या दरावरून झाला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलच्या डेटासाठी वेगळे पैसे आकारण्याचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतले. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, या विषयावर मते मागवली, तर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटाच्या मजकुरानुसार वेगळा दर लावण्यास मनाई केली. सामान्य ग्राहकांनी आपण होऊन एखाद्या तांत्रिक प्रश्नात इतके लक्ष घातल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्या ईमेलांचा लाभ आजही प्रत्येक कॉलला मिळतो.

नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली तेव्हा साध्या कॉलचाच पाया बदलला. फोरजीत आवाजासाठी वेगळा मार्गच नाही, सगळी पाकिटेच. इतर कंपन्यांचे फोन कॉल आला की टूजी-थ्रीजीवर उतरत आणि तेवढा वेळ नेट रखडे किंवा बंदच पडे. जिओकडे उतरायला खालचे जाळे नव्हते, म्हणून पहिल्या दिवसापासून व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच साधा कॉल. व्होल्टीचा कॉलही पाकिटांचाच असतो, पण त्या पाकिटांना टॉवर वेगळ्या, राखीव रांगेत घेतो आणि ती १०० मिलिसेकंदांच्या आत पुढे जावीत असे बंधन पाळायचे असते. डेटा संपल्यावरही ‘साधा’ कॉल लागतो तो यामुळे. गर्दीत ॲपचा कॉल तुटतो आणि साधा टिकतो, तोही यामुळेच.

बोलणे अमर्याद झाल्यावर काही रीती मागे पडल्या. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी बूथ आधीच ओसरत होते. ‘पोचलास की मिस्ड कॉल दे’ हा पैसे वाचवणारा संकेतही विरळ झाला. रत्नागिरीच्या एखाद्या कौलारू घरात रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते. तिथे खुर्ची ठेवलेली असते आणि आखातातल्या मुलाच्या कॉलची वेळ ठरलेली असते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातात पण कॉल लागत नाही, त्यासाठी परवाना मिळालेले बॉटिमसारखे ॲप घ्यावे लागते. म्हणून अशा घरात दोन ॲप ठेवलेली दिसतात.

गोपनीयता आणि मर्यादा : एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे कॉल दोन टोकांमध्ये कूटबद्ध असतात. मधल्या कोणालाही, कंपनीलाही, बोलणे ऐकता येत नाही. कोणी कोणाला केव्हा कॉल केला ही माहिती मात्र त्यात झाकली जात नाही. ॲपवर दिसणारे नाव आणि फोटो पलीकडच्या माणसाने स्वतः लावलेले असतात, त्याची खातरजमा कोणी केलेली नसते. पोलिसांचा गणवेश घालून ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगणारे लुटारू याच फटीतून घरात शिरतात. कायद्यात अशी अटक नाही. असा कॉल आला तर तो तोडावा आणि फसवणूक झाली असेल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवावे.

आपत्कालीन ११२ हा नंबर या ॲपांवरून लागत नाही. तो फोनच्या डायलरवरूनच फिरवायचा. त्यासाठी डेटा लागत नाही, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी आसपासच्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. घरातल्या मोठ्यांना कॉल म्हणजे हिरव्या ॲपमधले बटण एवढेच ठाऊक असेल, तर हे त्यांना एकदा फोन हातात देऊन दाखवावे.