हाड कापायचं, पण भाजायचं नाही

वहिनीच्या वरच्या समोरच्या दाताचं रूट कॅनल दोनदा झालं, तरी हिरडीवर ती पुटकुळी यायची ती यायचीच. शेवटी म्हापशाच्या डेंटिस्टने सांगितलं की आता हिरडी उघडून मुळाचं टोकच कापायला लागेल. वहिनीचा पहिला प्रश्न, "चवथीनंतर करूया ना, नेवऱ्या कोण खाणार?" आणि दुसरा, "ड्रिलने की त्या नव्या मशीनने?"

दुसरा प्रश्न भारी होता. या ऑपरेशनला एपिकोएक्टमी म्हणतात. हिरडी बाजूला सारून हाडात छोटी खिडकी पाडतात, मुळाचं शेवटचं साधारण ३ मिलिमीटर टोक उडवतात (तिथेच कॅनलला बारीक फाटे फुटतात आणि जंतू त्यात लपतात, कॅनल साफ करायची सुईसारखी फाईल तिथे पोचत नाही), मग कापलेल्या टोकाकडून कॅनलचं भोक साफ करून एमटीए नावाचं सिमेंटसारखं मटेरियल भरतात. दात वाचला, पण हाडात खड्डा राहिला. तो भरायचं काम शरीराचं, आधी रक्ताची गुठळी, मग कच्चं हाड, मग पक्कं.

आता हा खड्डा कशाने पाडला याने फरक पडतो का? पडतो, आणि मुख्य कारण उष्णता. ओट्याचा ग्रॅनाइट कापणारा माणूस बघितलाय ना, एका हातात कटर आणि हेल्पर बाटलीतून पाणी ओततोय, पाणी थांबलं की पातं तापून जळका वास सुटतो. हाडाचंही तेच, फक्त ते जिवंत असतं. १९८३ मध्ये एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी सशांच्या हाडावर दाखवलं की ४७ अंश सेल्सिअस एक मिनिट टिकलं तरी हाडाला इजा होते. ४७ म्हणजे काय, जरा जास्तच तापलेलं आंघोळीचं पाणी! म्हणून ड्रिल चालू असताना सलाईनची धार सतत लागते, बर (ड्रिलचं फिरणारं टोक) नवा आणि धारदार लागतो, आणि दाबून न धरता हलकेच फिरवायचा. त्यात आणखी एक गोष्ट, दात कोरायचं नेहमीचं टर्बाइन (हवेवर फिरणारं ड्रिल) पुढे हवा सोडतं, ती उघड्या हिरडीखाली शिरली तर गाल फुगतो, म्हणून सर्जरीला हवा मागे सोडणारा हँडपीस (ड्रिलचा हातात धरायचा भाग) वेगळा असतो.

वहिनी म्हणत होती ते नवं मशीन म्हणजे पीझो, थरथरत्या टोकाने हाड कापणारं. त्याची गंमत वेगळी. १८८० मध्ये क्युरी बंधूंनी शोधलेला परिणाम, ठरावीक क्रिस्टल दाबले की वीज निर्माण होते, आणि पुढच्याच वर्षी कळलं की उलट वीज दिली की ते थरथरतात. मशीनचं टोक सेकंदाला २५-३० हजार वेळा हलतं, पण अगदी किंचित, त्यामुळे कडक हाड कापलं जातं आणि मऊ हिरडी किंवा नस सोबतच हलून वाचते. प्लास्टर कापायचं मशीन कातडीला लागलं तरी सहसा कापत नाही, तसंच काहीसं. खालच्या दाढांजवळ नस असते तिथे हे सोन्यासारखं. पण वेळ जास्त लागतो, आणि घाईत दाबलं की थरथर अडते आणि तीच ताकद उष्णता होते, म्हणजे पुन्हा तोच खेळ.

तिसरा पर्याय अर्बियम लेझर. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर, आणि तो प्रकाश पाणी झटकन शोषून घेतं. हाडातलं पाणी क्षणात वाफ होऊन कण उडतात, स्पर्शच नाही. पण त्यामुळेच किती खोल गेलो हे हाताला कळत नाही, ते मला जरा धोक्याचं वाटतं.

मग हाड कुणाचं लवकर भरतं? सुरुवातीच्या आठवड्यांत पीझोच्या जखमेचं पारडं जड असल्याचं प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत दिसलंय, पण माझ्या मते मशीनपेक्षा पाणी आणि हात महत्त्वाचा, आणि मुळाचं टोक नीट सील झालं नाही तर कुठलंही मशीन असो, पुटकुळी परत येणारच.

वहिनीची खिडकी साध्या बरने पाडली, फक्त मुळाच्या आतलं भोक अल्ट्रासोनिक, म्हणजे वेगाने थरथरणाऱ्या, टिपने. सगळा वेळ सक्शनचा घुर्रर्र आवाज आणि गळ्यापर्यंत ओला टॉवेल. सहा महिन्यांनी एक्सरे काढला, वाटाण्याएवढा काळा डाग (म्हणजे हाडातला खड्डा) होता त्याजागी आता करड्या जाळीत एक बारीक टिंब उरलंय. ती म्हणाली, "एवढ्यासाठी नेवऱ्या चुकल्या." शेवटी चवथीच्या आधीच केलं होतं ना.